पेनीचे जुने रोल: ठशांतले फरक आणि टांकसाळीतल्या चुका कशा ओळखायच्या

ठसेवाचक

नमस्कार मंडळी,

१२ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. १७९३ साली सुरू झालेलं एक सेंटचं नाणं थांबलं. २०२४च्या हिशोबात एक पेनी पाडायला ३.६९ सेंट पडत होते, त्यामुळे हे कधीतरी व्हायचंच होतं. तेव्हापासून इथल्या आपल्या लोकांत बरण्या उपड्या करण्याची लाट आली आहे. "घरात पाच किलो पेनी पडल्यात, त्यात काही निघेल का?" हा प्रश्न संक्रांतीच्या हळदीकुंकवापासून ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलापर्यंत सगळीकडे ऐकला. प्रत्येकाला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहावं म्हणून हा धागा.

माझं म्हणणं एकच आहे. नाण्यावर काय विचित्र दिसतंय ते नंतर बघा. ते नाणं कोणत्या पायरीवर बिघडलं असेल हे आधी विचारा. "ही पेनी लाखाची" छापाचे व्हिडिओ बघून शोधायला बसलेल्या माणसाला प्रत्येक आकडा दुहेरी दिसू लागतो. टांकसाळीतलं काम ज्याला माहीत आहे, तो दहा सेकंदांत नाणं बाजूला ठेवतो किंवा भिंग उचलतो.

तर काम कसं चालायचं ते बघू. नाण्यावरचं चित्र जसं उठावाचं असतं, तसंच उठावाचं चित्र असलेला पोलादी तुकडा म्हणजे हब. तो मऊ केलेल्या पोलादात दाबला की खोलगट चित्राचा ठसा, म्हणजे डाय, तयार होतो. हा ठसा यंत्रात बसवला की त्याच्याखाली लाखो नाणी पडतात. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हब एका दाबात पूर्ण उतरत नसे. पहिल्या दाबाने पोलाद कडक व्हायचं, मग ठसा भट्टीत तापवून मऊ करायचा आणि पुन्हा दाब द्यायचा. रांगोळीचा छाप उचलून पुन्हा ठेवताना किंचित सरकला तर जे होतं, तेच इथे व्हायचं. फक्त सरकलेलं चित्र ठशात कायमचं कोरलं जायचं, आणि त्या ठशातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर तीच दुहेरी अक्षरं त्याच जागी, त्याच अंतरावर उमटायची. याला म्हणतात डबल्ड डाय. फरक ठशाचा आहे, एकट्या नाण्याचा नाही, म्हणून त्याला व्हरायटी म्हणायचं.

सगळ्यात गाजलेली १९५५ची. दुसरा दाब देताना ठसा थोडा फिरला होता. त्यामुळे तारीख, 'लिबर्टी' आणि डोक्यावरचं 'इन गॉड वी ट्रस्ट' हे वाक्य नुसत्या डोळ्यांना दुहेरी दिसतं. लिंकनचा चेहरा मात्र जवळजवळ स्वच्छ आहे, कारण फिरण्याचा परिणाम कडेला सर्वात जास्त आणि मध्याजवळ सर्वात कमी. ही नाणी टांकसाळीत लक्षात आली तोवर बाकीच्या ढिगात मिसळली होती, आणि वीस हजारांहून जास्त बाहेर गेली. त्या वेळी न्यूयॉर्क राज्याच्या काही भागांत आणि मॅसेच्युसेट्समध्ये सिगारेटचं पाकीट २३ सेंटला मिळायचं. यंत्रात पाव डॉलर टाकायचा आणि सुटे दोन सेंट पाकिटाच्या वेष्टणातच यायचे. त्या सुट्ट्यांतून ही पेनी लोकांच्या हातात पडली. आज वापरून झिजलेलीही हजार डॉलरच्या वर जाते.

पण त्याच वर्षाची आणखी एक पेनी आहे. तिच्यात शेवटच्या ५ला नुसती सावली दिसते. ती खूप वापरलेल्या, झिजलेल्या ठशातून आलेली आहे. तिला इथे 'गरिबाची डबल्ड डाय' म्हणतात आणि ती अगदी किरकोळ भावात मिळते. दोन्ही शेजारी ठेवून एकदा भिंगाखाली बघा, निम्मा अभ्यास तिथेच होतो.

आता नेहमी फसवणारी गोष्ट. ठसा यंत्रात ढिला बसला असेल, तर नाणं पडल्यावर सुटता सुटता तो हलतो आणि नुकतंच उठलेलं अक्षर एका बाजूला चेपतो. याला मशीन डबलिंग म्हणतात. खऱ्या डबल्ड डायमध्ये अक्षर रुंद होतं, दुसरी प्रतिमाही गोलसर आणि उठावाची असते, अक्षरांच्या टोकांशी खाच दिसते. मशीन डबलिंगमध्ये मूळ अक्षर बारीक होतं आणि शेजारी सपाट, चकचकीत पायरी तयार होते. त्याला जास्तीची किंमत नाही. बरण्यांत सापडणारी बहुतेक 'दुहेरी' नाणी याच जातीची असतात.

रोल उघडताना मी काय बघतो तेही सांगतो. रोलमध्ये ५० नाणी, बँकेच्या बॉक्समध्ये ५० रोल, म्हणजे २५ डॉलरला अडीच हजार नाणी. आधी मागची बाजू बघून दोन ढीग करायचे. १९०९ ते १९५८ गव्हाच्या लोंब्या, त्यापुढे २००८पर्यंत लिंकन मेमोरियलची इमारत. लोंबीवाली प्रत्येक पेनी वेगळी काढायचीच. मेमोरियलमध्ये १९६०ची छोटी-मोठी तारीख (म्हणजे तारखेतले आकडे लहान की मोठे), १९६९-एस (वर्षापुढचं अक्षर म्हणजे टांकसाळीचं चिन्ह, एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को), १९७०-एसची छोटी तारीख आणि १९७२ पुढून बघायची. १९८३ला मागची बाजू बघायची, कारण तिथे सगळी अक्षरं दुहेरी असलेला ठसा आहे, आणि पुढून बघणाऱ्याच्या हातून ती हमखास सुटते. १९८४ला लिंकनच्या कानाखाली दुसरी पाळी. १९९५ला 'लिबर्टी' आणि वरचं वाक्य. ही १९९५ची नवशिक्यांनी शोधावी अशी सगळ्यात चांगली, कारण ती बरीच आहे आणि अजूनही चलनात निघते.

मग येतो 'अमेरिका' शब्दातला ए आणि एम. संग्राहकांसाठीच्या प्रूफ नाण्यांच्या ठशात या दोघांत स्पष्ट फट असायची, चलनी नाण्यांत ते पायाशी जवळजवळ चिकटलेले. १९९८, १९९९ आणि २०००मध्ये प्रूफचे ठसे चलनी नाण्यांना लागले, म्हणून त्या वर्षांत फट असलेली शोधायची. १९९२मध्ये नेमकं उलट. त्या वर्षी नियम फटीचा होता आणि पुढच्या वर्षाचा चिकटलेल्या अक्षरांचा ठसा थोड्या नाण्यांना वापरला गेला. १९९२ची चिकटलेली पेनी फारच दुर्मीळ आहे, म्हणून १९९२ दिसली की नाणं उलटं करायची सवय लावून घ्या.

बाकी प्रश्न विचारा, जमेल तसं लिहितो.

पूर्वा_एडिसन

फार सुंदर धागा! लेक पाचवीत आहे, तिला दाखवला, लगेच भिंग हवं म्हणाली. कुठलं घ्यायचं? आणि बँकेत जाऊन नुसते पेनीचे रोल मागितले तर देतात का? आता तर बंदच झाल्यात ना?

ठसेवाचक

पूर्वाताई, १०पट मोठं दाखवणारं भिंग पुरे. त्याहून जास्त घेतलं तर धातूचे ओरखडेच दिसत राहतात आणि मुलांचा धीर सुटतो. टेबल लॅम्प एकाच बाजूने, तिरपा ठेवा. वरून सरळ पडलेल्या प्रकाशात उठाव मरतो. नाणं एका हातात फिरवत राहायचं, प्रकाश स्थिर ठेवायचा.

पाडणं बंद झालं तरी चलनातून पेनी रद्द झालेली नाही. बँकांना नवीन पुरवठा मिळेनासा झालाय, त्यामुळे पूर्ण बॉक्स मिळणं अवघड आहे. पण लोक घरी गुंडाळून आणून भरतात ते कागदी रोल अजून मिळतात, आणि खरं सांगायचं तर तेच चांगले. कुणाच्या आजोबांच्या कपाटातला साठा तसाच आलेला असतो. एका खिडकीवर मागा, शोधून झालेली नाणी दुसऱ्या बँकेत भरा, नाहीतर तुमचीच नाणी तुम्हाला परत मिळतील. आणि काउंटरवरच्या माणसाशी दोन शब्द गोड बोला. त्यांच्या गल्ल्यात पडून असलेली जुनी नाणी ते आपणहून दाखवतात.

दुदांडी

वा! पुण्याहून लिहितोय. माझा सगळा जीव शिवराईत, पेनी कधी हातातही धरली नाही, पण हे वाचून एक गोष्ट फार भिडली. आमच्याकडे ठसा कारागीर हाताने कोरायचा. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण अक्षरांचं वळण, ओळींची मांडणी, वेलांटी, कडेच्या ठिपक्यांची माळ, सगळं ठशागणिक बदलतं. शिवाय तांब्याचा तुकडा ठशापेक्षा लहान, म्हणजे अर्धी अक्षरं नाण्याबाहेरच. आमच्यासाठी फरक असणं हाच नियम, त्या फरकांवरून आम्ही ठशांची कुळं लावतो. तुमच्याकडे सगळे ठसे एकाच हबमधून निघालेले. मग दोन नाणी एकाच ठशातली आहेत हे तुम्ही कशावरून ठरवता?

ठसेवाचक

दुदांडी, तुमचा प्रतिसाद वाचून फार आनंद झाला. हा प्रश्न या छंदाच्या गाभ्यातला आहे.

ठसा एकदा यंत्रात चढला की त्याला त्याचं स्वतःचं आयुष्य सुरू होतं. साफ करताना पडलेल्या बारीक रेघा, टवका, तडा, हे सगळं त्या एकाच ठशाचं. ठशातला खड्डा नाण्यावर उंचवटा म्हणून येतो, तेव्हा नाण्यावर उठलेली रेघ दिसली तर ती ठशातून आलेली आणि खोल गेलेली दिसली तर ती नंतरचा ओरखडा. दुहेरी अक्षरांबरोबर या रेघाही जुळल्या, तर ठसा एकच. तडा वाढत जातो, म्हणून त्याच ठशाची पहिली आणि शेवटची नाणीही ओळखता येतात.

१९५०च्या दशकातल्या पेनीत 'लिबर्टी'च्या बी आणि ई यांच्यामध्ये उभा उंचवटा पुष्कळदा दिसतो. तिथे ठशाचा चिंचोळा भाग तुटायचा, आणि नाण्यावर मध्येच आय घुसल्यासारखा वाचता येतो. स्वस्त आहेत, पण ठसा कसा थकतो हे शिकायला त्यांच्याइतकं चांगलं काही नाही. मी अजूनही प्रत्येक वेळी त्या बाजूला काढतो.

हाताने केलेलं काम आमच्याकडेही एका जागी उरलं होतं, ते म्हणजे टांकसाळीचं चिन्ह. डेन्व्हरचा डी आणि सॅन फ्रान्सिस्कोचा एस तयार ठशावर खिळ्याने ठोकला जायचा. फिलाडेल्फियाला चिन्हच नसायचं. पेनीवर पी आलं ते फक्त २०१७मध्ये. ठोकताना पहिला घाव वाकडा पडला तर पुन्हा ठोकायचे, म्हणून डीवर डी, एसवर एस दिसतात. १९४४ची एक डी तर एसवर ठोकलेली आहे. १९९०पासून पेनीचं चिन्ह मूळ ठशातच आलं आणि हा प्रकार संपला. तुमच्या कारागिराचा हात मला या एका अक्षरात भेटतो.

रानवारा

मस्त चालू आहे. माझ्याकडे १९६९-एस आहे आणि तारीख स्पष्ट दुहेरी दिसतेय! 'लिबर्टी'ही थोडं तसंच. हात थरथरायला लागलेत. फोटो टाकता येत नाहीये, पण सांगा काय बघू?

ठसेवाचक

रानवारा, एकच गोष्ट बघा: एस हे अक्षरही दुहेरी आहे का?

रानवारा

हो, त्याच्याही उजव्या बाजूला पायरीसारखं आहे.

ठसेवाचक

मग ती मशीन डबलिंग आहे. कारण वरच्या प्रतिसादातच आहे. हबने दुहेरी झालेला ठसा तयार झाल्यावर एस वेगळा ठोकला गेला. म्हणजे खऱ्या १९६९-एस डबल्ड डायमध्ये तारीख आणि अक्षरं दुहेरी हवीत आणि एस एकेरी. एसही त्याच दिशेला सरकलेला असेल, तर पडलेल्या नाण्यावर सगळं एकदमच चेपलं गेलंय. ही एक खूण १९८९पर्यंतच्या डी आणि एसच्या नाण्यांना पहिली गाळणी म्हणून वापरा.

पण शोधत राहा. १९६९-एसची खरी फारच थोडी माहीत आहेत, आणि सुरुवातीला सरकारी यंत्रणेने त्यातली काही बनावट समजून जप्तही केली होती, कारण त्याच सुमारास १९६९च्या बनावट दुहेरी पेनी कुणीतरी बनवल्या होत्या. एसने चाळणी लावायची सवय झालेला माणूस ती हातातून जाऊ देणार नाही.

रानवारा

समजलं! वाईट वाटलं, पण कारण पटलं. आता १९६९चा पूर्ण ढीग पुन्हा बघते.

काटेकोर

१९८२बद्दल कुणी लिहिलंच नाही. माझ्याकडे स्वयंपाकघरातला वजनकाटा आहे, तो चालेल का?

ठसेवाचक

बरं आठवण केलीत. १९८२मध्ये वर्षाच्या मध्येच धातू बदलला. आधी ९५ टक्के तांबं, वजन ३.११ ग्रॅम. नंतर जस्ताची चकती आणि वर तांब्याचा पातळ मुलामा, वजन २.५ ग्रॅम. त्याच वर्षी तारीखही मोठी आणि छोटी अशा दोन प्रकारची. मोठ्या तारखेतल्या २चा पाया सरळ, छोटीत तो वळलेला. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर मिळून सात प्रकार होतात, आणि सातही चलनात सापडतात. लेकीला एका संध्याकाळी पूर्ण संच लावायला द्या, पूर्वाताई.

आठवा प्रकार व्हायलाच नको होता: डेन्व्हर, छोटी तारीख, तांब्याची. जुन्या चकत्या शिल्लक राहून नव्या ठशाखाली गेल्या. पहिली २०१६मध्ये सापडली. त्यामुळे छोट्या तारखेची १९८२-डी मिळाली की वजन करायचंच. स्वयंपाकघरातला काटा एक ग्रॅमच्या पायऱ्यांनी दाखवतो, त्याचा उपयोग नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा सोनाराच्या पद्धतीचा छोटा काटा घ्या.

जस्ताच्या पेनीत आणखी एक गोंधळ असतो. नाणं पडताना मुलामा अक्षरांच्या कडेला फाटतो आणि आतलं राखाडी जस्त रेघेसारखं दिसतं. लोक त्याला डबल्ड डाय समजतात. मुलाम्याखाली हवा धरून आलेले फोडही तसेच. दोन्ही सोडून द्या.

सोबती_बे_एरिया

एक पेनी आहे जिची कड चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. कुणीतरी पक्कडीने तोडली असेल असं वाटतं. आणि दुसरी आहे जिची कड जाड होऊन आत वळलीय, नाणं छोटं दिसतंय. दोन्ही फेकून द्यायच्या का?

ठसेवाचक

पहिली अजिबात फेकू नका! पत्र्यातून गोल चकत्या कापताना पत्रा पुरेसा सरकला नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकाला खाऊन कापली जाते, म्हणून ती कोर गोलाईची येते. आता बरोबर समोरची कड बघा. चकतीला कड उचलण्यासाठी यंत्रातून फिरवतात तेव्हा कापलेल्या जागी दाब बसत नाही, त्यामुळे समोरच्या बाजूलाही कड पुसट राहते. याला ब्लेकस्ली इफेक्ट म्हणतात. तो दिसला तर नाणं टांकसाळीतच असं झालंय असं मानायला चांगला आधार मिळतो. पक्कडीने तोडलेल्या पेनीची समोरची कड ठणठणीत असते.

दुसरी कपडे वाळवायच्या यंत्रात महिनोन्‌महिने अडकून फिरलेली आहे. कड ठोकली जाऊन आत वळते. टांकसाळीत असं काही होत नाही, ती खर्च करून टाका.

दुदांडी

कापलेली चकती आपल्या भारतीय नाण्यांतही मिळते, आणि केंद्रापासून सरकून पडलेलीही. इथल्या नवशिक्यांना सांगावंसं वाटतं, घरातल्या डब्यातली नाणी अशीच भिंगाखाली घ्या. आधी तारखेखालचं चिन्ह बघा: मुंबईचा चौकट-हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला काही नाही. ठसेवाचकांनी सांगितलेलं उंचवटा आणि ओरखडा यांचं गणित इथेही जसंच्या तसं लागू पडतं.

सोबती_बे_एरिया

फारच छान! आणखी एक. जुलैत नाशिकला जातोय, भाच्याला तांब्याच्या पेनी एक मोठी पिशवी भरून न्यायचा विचार होता. चालतं का?

ठसेवाचक

जपून. तांब्याचा भाव वाढल्यावर डिसेंबर २००६मध्ये नियम आला: एक आणि पाच सेंटची नाणी वितळवायला बंदी आणि देशाबाहेर न्यायला मर्यादा. प्रवासात अंगावर किंवा सामानात ५ डॉलरपर्यंतची नेता येतात, म्हणजे ५०० पेनी, तांब्याच्या असतील तर दीड किलोच्या वर. छंदासाठी नेताय हे स्पष्ट असेल तर २५ डॉलरपर्यंत, पण तेवढ्या तांब्याच्या पेनी पावणेआठ किलो होतात. माझं ऐकाल तर ढीग नेऊ नका. १९४३ची पोलादी एक, लोंबीवाल्या चार-पाच दशकांच्या, १९८२चे सात प्रकार आणि बी-ईमधल्या उंचवट्याची एक न्या. भाच्याला त्यातून जास्त मिळेल.

१९४३ची देताना लोहचुंबकही द्या. युद्धासाठी तांबं हवं होतं म्हणून त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या पेनी पाडल्या, त्या चुंबकाला चिकटतात. चुकून तांब्याच्या चकतीवर पडलेल्या १९४३च्या पेनी अगदी मोजक्या आहेत, आणि तांब्याचा मुलामा चढवून विकलेल्या पोलादी पेनी मात्र भरपूर. चिकटली की विषय संपला.

पूर्वा_एडिसन

लेकीने काल पहिला रोल उघडला. दोन लोंबीवाल्या मिळाल्या, एक १९४६ची, एक १९५७-डी. दोन्ही काळ्या पडल्यात. चिंच किंवा लिंबू लावून घासू का? पितळी भांड्यांसारख्या लख्ख होतील.

ठसेवाचक

लेकीचं खूप कौतुक! पण चिंच, लिंबू, व्हिनेगर, टूथपेस्ट, काहीच लावू नका. तांब्यावरचा तो काळपट-तपकिरी थर गेला की नाण्याचा मूळ पृष्ठभाग जातो, आणि ग्रेडिंग करणाऱ्या, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या, संस्था घासलेलं नाणं लगेच ओळखतात. चिकट घाण असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये थोडा वेळ बुडवा, बाहेर काढून आपोआप वाळू द्या, पुसू नका. हे काम मोठ्यांनी, खिडकी उघडी ठेवून, गॅसपासून लांब करायचं. नेलपॉलिश काढायच्या बाटलीतलं चालणार नाही, त्यात सुगंध आणि तेल असतं.

ठेवायला पुठ्ठ्याचे चौकोनी होल्डर घ्या, ज्यांत पारदर्शक मायलरची खिडकी असते. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून पीव्हीसी सुटतं आणि तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो. होल्डरवर वर्ष, चिन्ह आणि कोणत्या गावच्या बँकेतून मिळाली ते लेकीलाच लिहू द्या. १९५७-डी होल्डरमध्ये जाण्याआधी डी अक्षर भिंगाखाली नीट बघून घ्या, त्याच्या पोटात किंवा बाजूला दुसऱ्या डीची कड दिसते का. दिसली तर ती कुठल्या दिशेला आहे ते इथे लिहा.